ताकदीच्या नावाखाली उंची विकली: पिकअपच्या लिफ्ट किटचा अनुभव

पिकअपला लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करणारे जोडभाग, बसवायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी पैसे देण्याआधी हे वाचावं. शहरातल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानानं 'हेवी ड्युटी सस्पेंशन' म्हणून मला ५८,००० रुपयांत चार ठोकळे विकले. पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण त्या ठोकळ्यांच्या भरवशावर ट्रॉली जोडून मी घटांगच्या घाटातून घरची माणसं नेली, याचा राग त्याहून मोठा आहे.

आमचा भाग परतवाड्याकडचा, संत्र्याचा. संत्र्यावरच्या कोळशी रोगाची फवारणी सुरू झाली की एचटीपी पंप (जोरदार दाबाचा फवारणी पंप) आणि १,००० लिटरची टाकी बसवलेली दोनचाकी ट्रॉली पिकअपला जोडून या बगीच्यातून त्या बगीच्यात जावं लागतं. टाकी भरली की नुसत्या पाण्याचंच वजन एक टन होतं. हंगामात त्याच पिकअपमध्ये संत्र्याची कॅरेट भरून मंडीत न्यायची. पांदण रस्ता तर आपल्याकडचा सगळ्यांना माहीत आहे: पावसाळ्यात ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या, मधे वाळून दगड झालेला उंचवटा आणि नाल्यावर फुटका रपटा. गाडी फोर बाय फोर, पुढे कॉईल स्प्रिंग, मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांचं स्प्रिंग. कॅरेट भरली की मागून बसायची. त्यासाठी मला मजबूत पाटे हवे होते, आणि पांदणीसाठी थोडी उंची.

दुकानदारानं मोबाईलवरच सगळं विचारलं. रिकाम्या गाडीचं माप घ्या, भरलेल्या गाडीचं घ्या, ट्रॉलीचा फोटो पाठवा. माणूस इतकं विचारतो म्हणजे जाणकार असणार, असं कोणालाही वाटेल. मग त्यानं लिहून पाठवलं की मागचे पाटे पूर्ण बदलून जाड देतो, चारही शॉकअप (धक्के झेलणारे नळे) परदेशी कंपनीचे देतो, गाडी दोन इंच उठेल आणि पाचशे किलो जास्त ओढेल. आरटीओचं विचारलं तर म्हणाला, "दादा, सस्पेंशनला कोणी हात लावत नाही, बिनधास्त राहा." सकाळी गाडी दिली, संध्याकाळी घेतली. खालून सगळं काळं कुळकुळीत, शॉकअपवर लाल स्टिकर, गाडी खरोखर दोन इंच उंच. जुने पाटे मागितले तर 'ते भंगारात गेले' असं उत्तर मिळालं.

हे उत्तर ऐकलं की तिथेच थांबा. पिकअपचा जुना पाट्यांचा संच म्हणजे वजनदार लोखंड असतं, त्याला भंगारातही पैसे येतात आणि तो तुमच्या मालकीचा असतो. खरोखर बदलला असेल तर कोणताही सरळ मिस्त्री तो गाडीतच टाकून देतो.

पहिली शंका मापानं आणली. किट बसवण्याआधीची मापं त्याच्यासाठीच घेतलेली होती, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. रिकामी २१ इंच, कॅरेट भरल्यावर साडेसतरा. किट बसवल्यावर तेवढीच कॅरेट भरून पुन्हा पट्टी लावली: रिकामी २३, भरून साडेएकोणीस. म्हणजे गाडी आधीही साडेतीन इंच बसत होती, आताही साडेतीनच. जाड पाटे टाकले असते तर तेवढ्याच वजनाखाली ती कमी बसायला हवी होती. विटेवर उभा केलेला हमाल उंच दिसतो, पण पोतं तेवढंच उचलतो.

रात्री समोरून येणारे डिपर मारायला लागले, कारण पुढचं तोंड वर आलं होतं आणि दिवे सेट न करताच गाडी माझ्या हवाली केली होती. मग डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं. आणि सर्वांत वाईट म्हणजे ट्रॉली हेलकावे खायला लागली. पिकअपच्या मागच्या डाल्यात (माल भरायच्या जागेत) काही नसताना, टाकी अर्धी भरलेली असताना, साठच्या आसपास वेग गेला की ट्रॉली डावी-उजवी झुलायची आणि पिकअपची शेपटी सोबत ओढायची. स्टिअरिंग घट्ट धरून, ब्रेकवर उभं न राहता हळूहळू वेग कमी केला तेव्हा ती शांत झाली.

परतवाड्याच्या पाटेवाल्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी पोतं अंथरलं, खाली शिरले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग पेचकस मागितला आणि मला खाली बोलावलं. मेन पाटा आणि त्याखालचा पाटा यांच्या फटीत त्यांनी पेचकस फिरवला, तशी वाळलेल्या काळ्या मातीची खपली निघून माझ्या हातावर पडली. "भाऊ, नव्या पाट्यात तुमच्या वावरातली माती कुठून येईन? हे तं जुनेच हायेत, वरून रंग मारला." रंग खरवडला तर खाली तांबूस गंज. शॉकअपवरचं स्टिकर नखानं उचकटलं, त्याखाली गाडी घेतली तेव्हाचाच कंपनीचा नंबर. नवीन फक्त पाटे आणि ॲक्सल यांच्या मधले दोन ओतीव ठोकळे, त्यासाठी लागलेले लांब यू-बोल्ट आणि पुढच्या स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाच्या) डोक्यावरचे दोन स्पेसर, म्हणजे तेही ठोकळेच. ठोकळ्यांवर ग्राइंडरच्या खुणा तशाच होत्या.

त्या दिवशी मिस्त्रींनी जे समजावलं ते इथं सविस्तर देतो.

ठोकळा पाट्यांना ताकद देत नाही, फक्त गाडीचा सांगाडा ॲक्सलपासून वर उचलतो. त्यामुळे मागची हुक वर गेली, ट्रॉलीचा दांडा वर गेला आणि ट्रॉली मागे कलली. अर्ध्या टाकीतलं पाणी मागे धावलं. ट्रॉलीचं वजन चाकाच्या मागे गेलं की दांडा हुकेला खाली दाबण्याऐवजी वर उचलतो, पिकअपची मागची चाकं हलकी होतात आणि झुलणं सुरू होतं. भरलेली ट्रॉली सपाट उभी असताना तिच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकेवर यायला हवा. एक टनाला शंभर ते दीडशे किलो. कापसाच्या जिनिंगमधल्या गाड्यांच्या वजनकाट्यावर हे मोजता येतं: आधी नुसती पिकअप, मग ट्रॉली जोडून फक्त पिकअपची चाकं काट्यावर ठेवून. जो फरक येईल तो हुकेवरचा भार.

ब्रेकची गोष्ट तर मला ठाऊकच नव्हती आणि कोणत्याही दुकानदारानं ती कधी सांगितली नाही. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चेसीसवरच्या (गाडीच्या सांगाड्यावरच्या) एका व्हॉल्व्हपर्यंत सळई जाते. गाडी भरून खाली बसली की सळई हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. गाडी ठोकळ्यांनी उचलली की व्हॉल्व्हला भरलेली गाडीसुद्धा हलकी वाटते आणि तो मागचं प्रेशर कमी ठेवतो. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, म्हणजे सगळं थांबवायचं पिकअपनंच. उतारावर याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. माझ्या गाडीत ती सळई होती आणि तिला कोणी हात लावलेला नव्हता. मागच्या ब्रेकचा रबरी पाइपसुद्धा चाक लोंबकळलं की ताणून सरळ व्हायचा.

पुढचं ग्रीस ॲक्सलच्या जॉइंटचं. स्पेसरमुळे चाक खाली गेलं, जॉइंट जास्त कोनात फिरायला लागला, रबर बूट फाटला. एकदा बूट फाटला की नाल्याची रेती आत जाते आणि जॉइंट संपतो. अलाइनमेंटही करून दिलेलं नव्हतं, टायर आतून खाल्ले गेले होते.

आणि ज्या पांदणीसाठी हे केलं तिथं फायदा किती? गाडीचं पोट दोन इंच वर गेलं, हे खरं. पण मधल्या उंचवट्याला घासतं ते मागच्या ॲक्सलचं डिफरन्शियल, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा गोळा. ते चाकांच्या मधोमध बसलेलं असतं, पाट्याखाली कितीही ठोकळे घाला, ते जमिनीपासून होतं तेवढंच राहतं. ते वर न्यायचं तर मोठा टायर लागतो, आणि मोठ्या टायरनं गिअर, ब्रेक, स्पीडोमीटर सगळ्यांचं गणित बदलतं. काळ्या मातीचा लोळा टायरच्या नक्षीत गच्च बसला की उंच गाडीचीही चाकं जागीच फिरतात.

'पाचशे किलो जास्त ओढेल' हे वाक्य कोणी म्हणालं तर आरसीवरचं एकूण वजन दाखवा आणि विचारा की हा आकडा बदलून मिळेल का. कोणत्याही किटनं तो बदलत नाही. ब्रेक, ॲक्सल, चेसीस, हुक यांची मर्यादा तीच राहते. चांगले पाटे गाडीला त्या मर्यादेच्या आत नीट उभं ठेवतात, एवढंच त्यांचं काम. खरं किट विकणारा आधी विचारतो की मागे कायम किती किलो असतात, आणि त्या वजनाप्रमाणे वेगळा स्प्रिंग नंबर देतो. त्या नंबरशिवाय पैसे देऊ नका. बसवताना समोर उभे राहा, बसवण्याआधी आणि नंतर पाट्यांचे फोटो काढा.

कायद्याचंही दुकानदारानं खोटंच सांगितलं. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. कलम १८२अ खाली मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर दावा अडवू शकते. दुकानदार मोकळा, अडकतो मालक.

मी दुकानात परत गेलो तेव्हा तो म्हणाला, "गाडी उठली ना दोन इंच? मग किट बसलंच की." बिलावर फक्त 'सस्पेंशन वर्क' लिहिलेलं होतं, एकाही पार्टचं नाव नाही. पण जाड पाटे आणि चार शॉकअप देतो हे त्याचे मेसेज माझ्याकडे आहेत, पैसे ऑनलाइन दिल्याची नोंद आहे, आणि मिस्त्रींनी पाहणीचा कागद सहीनिशी दिला आहे. ठोकळे मी जपून ठेवले आहेत.

गाडी आता पूर्ण मूळ उंचीवर आहे, मागे कंपनीचाच नवा पाट्यांचा संच टाकला. ट्रॉलीचा दांडा सपाट बसेल अशी हुकेची उंची जुळवली आणि टाकीत आडवे पडदे घातले, म्हणजे पाणी एकदम धावत नाही. भरलेली कॅरेट आता दोन खेपांत नेतो.

ज्यांचं असंच झालं आहे त्यांनी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवावी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९प्रमाणे दुकान दुसऱ्या शहरात असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी अमरावतीच्या आयोगात कागद दिले आहेत. तुमच्याकडे कच्चं बिल असलं तरी फेकू नका, मेसेज पुसू नका, आणि काढलेला एकही ठोकळा मिस्त्रीकडे सोडून येऊ नका.