जिऱ्याच्या शेतातली 'रण सफारी'

घुडखर खरे होते, म्हणूनच आम्ही फसलो.

आम्ही चौघे ठाण्याचे, शनिवार-रविवार दुर्बीण गळ्यात अडकवून भटकणारे. डिसेंबरात कच्छच्या छोट्या रणात जायचं ठरलं. घुडखर म्हणजे तिकडची रानगाढवं, शिवाय रोहित, करकोचे, आणि नशिबात असेल तर हुबारा हा माळढोकाच्या कुळातला पक्षी. फेसबुकवर जाहिरात सापडली: कूब्यात म्हणजे तिकडच्या गोल झोपडीत दोन रात्री, जीपच्या दोन फेऱ्या, जेवण, रणातल्या घुडखर अभयारण्याचा परवाना, सगळं धरून माणशी नऊ हजार. फोनवरचा माणूस गोड बोलायचा, मधूनच "टेन्शन घेऊ नका साहेब" असं मराठीत. अर्धे म्हणजे अठरा हजार यूपीआयने पाठवले. खात्यावर भलत्याच बाईचं नाव आलं, तर म्हणे वहिनीचं खातं. आठवड्याने 'परवान्याचं डिपॉझिट, परत मिळेल' म्हणून आणखी सहा हजार मागितले. तेही दिले. भारतीयांना परवान्याची फी गाडीमागे काही शेकडे रुपये पडते, हे विचारायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. मी तर चौघांत 'हिशेबी' म्हणून ओळखला जातो!

विरमगामला पहाटे उतरलो. गाडी दोन तास उशिरा. कूबे 'फुल्ल' झाले होते म्हणून हायवेवरच्या धाब्यामागच्या खोल्या मिळाल्या. इथेच भांडायला हवं होतं, पण दुपारी सफारी होती, म्हटलं मूड कशाला घालवा.

कच्च्या रस्त्याने अर्धा तास धुरळा खाल्ल्यावर समोर सात घुडखर. तांबूस अंग, पांढरं पोट, पाठीवर गडद पट्टा. आम्ही हरखलो. ड्रायव्हरने उत्साहाने आमचा ग्रुप फोटोसुद्धा काढला. तेवढ्यात काठी घेऊन एक म्हातारेबुवा धावत आले, त्यांनी घुडखर हाकलले आणि मग आमच्याकडे वळले. "आ तो अमारुं खेतर छे!" जिऱ्याचं शेत होतं ते. रण कुठे, असं विचारलं तर त्यांनी दूरवर हात दाखवला.

२०२४च्या गणनेत घुडखर ७,६७२ भरले. ते अभयारण्याबाहेर पिकांत शिरतात, त्यामुळे शेतकरी वैतागलेले असतात. म्हणजे प्राणी दिसला म्हणून तुम्ही अभयारण्यात आहात असं समजू नका. ड्रायव्हरकडे परवाना मागितला, तर त्याने मोबाईलवर कसलासा कागद दाखवला. त्यावरची तारीख मागच्या महिन्यातली, गाडीचा नंबरही वेगळा. आणि दिवसभरात कुणीच आमचं ओळखपत्र मागितलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.

संध्याकाळी फोन केला, तर उरलेले अठरा हजार आधी द्या म्हणून दमदाटी. नाही म्हटल्यावर फोन बंद. ड्रायव्हर रात्रीच पसार झाला. धाबेवाल्याने खोल्यांचे पैसे आमच्याकडूनच घेतले. त्या बिचाऱ्यालाही काही मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतःच बजाण्याला वनखात्याच्या ऑफिसात गेलो. ओळखपत्रं दाखवली, पावती घेतली, तिथल्याच माणसाची जीप ठरवली. पावतीवर त्या दिवसाची तारीख आणि त्याच गाडीचा नंबर. मग खरं रण पाहिलं: भेगाळलेली सपाट जमीन, क्षितिजावर मृगजळ, मध्येच 'बेट' म्हणतात तसे झुडपांचे उंचवटे, आणि तळ्यावर रोहितांची गुलाबी रांग. हुबारा काही दिसला नाही. पावसाळ्यात हे सगळं पाण्याखाली जातं आणि अभयारण्य बंद असतं. त्या फोनवरच्या महाशयांनी आम्हाला आधी 'ऑगस्टमध्ये या, स्वस्तात करून देतो' असंही सुचवलं होतं!

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण घरी आल्यावर, चौथ्या दिवशी. तोवर खातं रिकामं. पैसे गेल्याचं कळताच, तिथूनच, फोन करायला हवा होता.

गेल्या महिन्यात तीच जाहिरात नव्या नावाने, नव्या नंबरने दिसली. 'आमचे समाधानी पाहुणे' म्हणून खाली आम्ही चौघे, घुडखरांसमोर दात काढून उभे. फोटोत डाव्या कोपऱ्यात बघा, म्हातारेबुवांचं बुजगावणं स्पष्ट दिसतंय.