जुना आरओ (पाणी शुद्ध करणारं यंत्र) विकत घेताना: रोज चालणारा की माळ्यावर पडलेला?
दोन्हींत मी थोडे जास्त पैसे मोजून रोज चालणाराच घेईन, कारण त्याची परीक्षा जागेवर होते. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र) सोबत न्या. नळाचं पाणी ८०० आणि गाळलेलं ८०च्या आसपास आलं, तर मेम्ब्रेन (क्षार अडवणारा आतला पडदा) शाबूत. ३०० आलं तर लगेच नाकारू नका; टीडीएस अ‍ॅडजस्टर कच्चं पाणी मिसळत असेल, तो बंद करून पुन्हा मोजा. पंपाचा आवाज, गळती तिथेच कळते.

माळ्यावरचा स्वस्त मिळतो खरा, पण कोरडं पडलेलं मेम्ब्रेन बहुधा वाया गेलेलं असतं, टाकीतही बुरशी धरते. मेम्ब्रेन, फिल्टर, नळ्या सगळं नवं घालायचं धरूनच भाव करा. लहान मुलं असलेल्या घरात तर तो तसाच मुळीच लावू नका.