अर्ध्याची चाळण की एकाची?

खाडीच्या तळजीवांवर, म्हणजे तळाच्या चिखलात राहणाऱ्या जीवांवर, प्रोजेक्ट घेतलेली पुण्यातली मुलं हमखास विचारतात, चिखल गाळायला चाळण ०.५ मिलिमीटरची घेऊ की १ मिलिमीटरची? कुंडलिकेच्या खाडीत मी दोन्ही वापरल्या आहेत.

एकाची चाळण खरंच सोयीची. खाडीतला चिखल लोण्यासारखा. अर्ध्याची छिद्रं बघता बघता बुजतात, आणि एक नमुना उरकेपर्यंत भरतीचं पाणी पोटरीला लागतं. तेवढ्या वेळात एकाच्या चाळणीवर माझे तीन नमुने व्हायचे. मोठे शिंपले, खेकडे एवढंच मोजायचं असेल तर खुशाल तीच घ्या.

माझं मन फिरलं ते एका ऑक्टोबरात. एकाच्या चाळणीवर दोन शिंपल्या आणि कुजका पाला, बस. खाली निथळलेलं पाणी फेकून देववेना, म्हणून ते अर्ध्याच्या चाळणीवर ओतलं. वर राहिलेल्यात नमुना टिकवायला फॉर्मॅलिन आणि जीव गुलाबी रंगवणारं रोझ बेंगॉल घातलं, बाटल्या ताम्हिणीतून पुण्यात आणल्या. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या ट्रेमध्ये पाहतो तर गुलाबी दोऱ्याचे तुकडे विखुरल्यासारखे कॅपिटेला नावाचे बारीक कृमी! जिवंतपणी वळवळत छिद्रांतून निसटलेले. सोबत नखाच्या टोकाएवढी शिंपल्यांची पिल्लं.

हे मला फार लागलं. सेंद्रिय घाण वाढली की कॅपिटेला माजतो. तळजीवांवरून तळाची तब्येत सांगणाऱ्या, २००० साली मांडलेल्या अ‍ॅम्बी निर्देशांकात तो पाचव्या, म्हणजे प्रदूषणावर पोसणाऱ्या गटात आहे. नेमका तोच गळून गेला तर दोन शिंपल्यांच्या जोरावर तळ ठणठणीत ठरायचा. पिल्लांचंही तसंच. पावसाळ्यात गोड्या पाण्याने तळ ओस पडतो, खारेपणा परतला की नवी पिल्लं बसतात. ती दिसलीच नाहीत तर सावरणारा तळ आपण मेलेला समजू.

हा एका खाडीचा अनुभव. रेताड तळावर अर्ध्याची चाळण इतका छळ करणार नाही. तुलनेसाठीचे जुने आकडे एकाच्या चाळणीचे असतील तर दोन्ही एकावर एक ठेवा, पण मोजणी वेगवेगळी लिहा. एकच परवडत असेल तर मी ठिकाणं कमी करीन आणि अर्ध्याचीच घेईन.

आणि वरून पाण्याची धार सोडू नका. चाळण टबात अर्धी बुडवून हलक्या हाताने फिरवा. धारेने कृमी तुटतात, आणि मोजायची असतात ती डोकी.