रोजची काटकसर की ठरलेल्या खर्चांची छाटणी?

घरखर्च हाताबाहेर जायला लागला की बहुतेक घरांत पहिली कात्री लागते ती रोजच्या बारीकसारीक गोष्टींना. दिवे बंद करा, बाहेर खाणं बंद, मुलांची मागणी पुढच्या महिन्यावर. दुसरा मार्ग फार थोडे जण धरतात. एक दिवस निवांत बसायचं आणि आपोआप जाणारे पैसे तपासायचे: हप्ते, विमा, फोन आणि इंटरनेटचे प्लॅन, वर्गण्या, कार्डावरची थकबाकी. पैसे दोन्हीकडे वाचतात. पण वेळ आणि उमेद एकाच मार्गापुरती असेल, तर आधी छाटणी करा, असं मी ठामपणे सांगेन.

काटकसर रोज नव्याने करावी लागते. वापरात नसलेली वर्गणी मात्र एकदाच बंद करायची, ती पुढे दर महिन्याला वाचत राहते. शिवाय काटकसरीचा भार घरात सगळ्यांवर सारखा पडत नाही. घर चालवणारी व्यक्ती, म्हणजे बहुतेक वेळा आई, सगळ्यात आधी स्वतःची गरज मागे ढकलते. चष्म्याचा नंबर बदललेला असतो, दाढ दुखत असते, आणि खर्चाच्या वहीत यातलं काहीच दिसत नाही. अशा पैशाला बचत म्हणायला माझं मन तयार होत नाही.

आकडेही छाटणीच्याच बाजूने बोलतात. कार्डाची थकबाकी महिन्याला ३ टक्के व्याजाने वाढत गेली तर वर्षाचे ३६ टक्के होतात असं वाटतं. पण व्याजावर व्याज चढतं आणि आकडा ४२ टक्क्यांच्या पुढे जातो. खरेदीत घासाघीस करून हे भरून निघत नाही. अडीअडचणीपुरते पैसे बाजूला ठेवून उरलेली शिल्लक आधी या थकबाकीत घाला.

विजेचंही तसंच. १ युनिट म्हणजे १००० वॅटचं उपकरण तासभर चालवण्याइतकी वीज. ९ वॅटचा एलईडी दिवा १ युनिटवर सुमारे १११ तास जळतो. २००० वॅटचा गीझर सलग चालला तर तेवढीच वीज अर्ध्या तासात खातो. गीझर रोज १० मिनिटं कमी तापला तर दिव्याची सुमारे ३७ तासांची वीज वाचते. खोलीतला दिवा राहिला म्हणून मुलांवर ओरडण्यापेक्षा गीझरच्या बटणाकडे लक्ष दिलेलं बरं. जे पाणी, हवा किंवा कपडे तापवतं, ते आधी बघायचं.

छाटणीत एक धोका मात्र आहे. हप्ता कमी दिसतो म्हणून आरोग्य विमा बदलू नका. आधीच्या आजारांसाठी किती वाट पाहावी लागेल, खर्चातला किती वाटा स्वतः भरावा लागेल, हे वाचल्याशिवाय दोन हप्त्यांची तुलना होतच नाही. नवीन विमा हातात येईपर्यंत जुना तोडायचा नाही.

काटकसर खरोखर वरचढ ठरते ती स्वयंपाकघरात, कारण तिथला पैसा रोजच्या रोज जातो आणि वायाही रोजच जातो. पाकिटाची किंमत नाही, किलोमागे काय पडतं ते बघायचं. ५०० ग्रॅमचं पाकीट त्याच किमतीत ४५० ग्रॅमचं झालं, तर वजन १० टक्क्यांनी घटलं पण भाव ११ टक्क्यांनी वाढला. मोठं पाकीट किलोमागे २० टक्के स्वस्त असेल आणि त्यातला पाचवा हिस्सा टाकून द्यावा लागला, तर फायदा शून्य. म्हणून साबण, कपड्यांची पावडर असं टिकणारं सामान एकदम भरावं, नासणारं लागेल तसं आणावं. घरात काय शिल्लक आहे ते पाहूनच यादी करावी.

मग कुणी काय निवडावं? पगार ठरलेल्या तारखेला येतो आणि निम्मा आपोआप कटतो, अशा घरासाठी छाटणीच. बँकेचा उतारा तीन महिन्यांचा नको, पूर्ण १२ महिन्यांचा काढा; वर्षातून एकदाच कटणाऱ्या वर्गण्या त्याशिवाय सापडत नाहीत. हातावर पोट असेल, कमाई आज आहे तर उद्या नाही, तर छाटायला फारसं काही नसतंच. तिथे स्वयंपाकघरातली काटकसर आणि चार कमाईच्या दिवसांत टिकाऊ सामान भरून ठेवणं हाच रस्ता. अशा घरांना 'अजून खर्च कमी करा' असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांची अडचण मिळकतीची असते.

छाटणी केलीत तर त्याच दिवशी आणखी एक काम उरका. जेवढी रक्कम वाचली, तेवढीच दर महिन्याला पगाराच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या खात्यात आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला देऊन टाका. नाहीतर ती रक्कम त्याच खात्यात पडून राहते आणि महिनाअखेर कशात गेली ते कळतही नाही.