लिमिट ठेवायची का काढायची? १२७०० दोन्ही प्रकारे चालवून बघितल्यावर

नवीन पीसी जुळवला की हा प्रश्न येतोच. मदरबोर्डाने बऱ्याचदा पॉवर लिमिट (प्रोसेसरने किती वॉट खायचे याची मर्यादा) काढून ठेवलेली असते, ती तशीच राहू द्यायची का इंटेलची ६५ वॉटवाली लावायची? माझ्याकडे इंटेलचा आय७-१२७०० प्रोसेसर आहे, साधा बी६६० बोर्ड, वर मध्यम टॉवर कुलर (आमच्या नागपुरात कुलर म्हटलं की लोकांना खिडकीतला पाण्याचाच आठवतो, तो नव्हे). दोन्ही प्रकारे एकेक उन्हाळा काढलाय त्यामुळे आकडे कमी आणि अनुभव जास्त सांगतो, चालवून घ्या.

आधी मोकळा, म्हणजे लिमिट काढलेला. माझ्या बोर्डाने पीएल१ (सलग काम चालू असतानाची लिमिट) आणि पीएल२ (थोड्या वेळासाठीची वाढीव लिमिट) दोन्हीच्या जागी ४०९५ वॉट टाकून ठेवले होते. आमचा बाथरूममधला गीझर २००० वॉटचा आहे, म्हणजे बोर्डाच्या हिशोबाने प्रोसेसरने दोन गीझर खाल्ले तरी हरकत नाही. अर्थात त्याचा अर्थ एवढाच की लिमिट नाही. आणि खोटं कशाला बोला, मजा येते. डिसेंबरमध्ये व्हिडिओ एक्सपोर्ट लावला की सगळे पी-कोर (प्रोसेसरमधले मोठे, वेगवान कोर) साडेचार गिगाहर्ट्झच्या आसपास ठाण मांडून बसायचे आणि चहा संपायच्या आत काम तयार. पण मे महिन्यात खोलीच तापलेली असते तेव्हा हाच प्रोसेसर १०० डिग्रीला टेकतो आणि मग स्वतःच क्लॉक, म्हणजे वेग, खाली आणतो. म्हणजे लिमिट काढली असं आपण म्हणतो खरं पण ती कुठे जात नाही, आकड्याच्या ऐवजी उष्णता लावते इतकंच. त्यात बोर्ड स्वस्तातला असेल आणि व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक नसेल तर प्रोसेसरच्या आधी तोच हात वर करतो.

आता बांधलेला. १२७०० ला इंटेलचे आकडे पीएल१ ६५, पीएल२ १८०, टाऊ (पीएल२ साधारण किती वेळ चालतो तो) २८ सेकंद. हे २८ सेकंद स्टॉपवॉचसारखे नसतात हं, सरासरी चालू असते, त्यामुळे मशीन निवांत बसलेलं असेल तर टर्बो (वाढीव वेग) भरपूर मिळतो आणि आधीच राबत असेल तर लगेच आटोपतो. नंतर क्लॉक माझ्याकडे सव्वातीन-साडेतीनपर्यंत उतरायचा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये (प्रोसेसरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) पीएल१ समोर 'येस', म्हणजे लिमिट लागली, असं दिसलं की बरेच जण घाबरून प्रोसेसर खराब निघाला म्हणतात, पण बेस क्लॉक (इंटेलने सांगितलेला मूळ वेग) २.१ आहे, त्याच्या वरच चाललंय की! एक्सपोर्टला मात्र चहा संपून पोहेही होतात, हे मान्य.

इथपर्यंत कागदावर मोकळाच जिंकतो. माझा निर्णय झाला तो वेगळ्याच कारणाने, पंख्यामुळे.

एडिटिंग करणाऱ्यांना माहीत असेल, सलग पूर्ण लोड क्वचितच असतो. टाइमलाइन थोडी पुढे ओढली, प्रिव्ह्यू झाला, थांबलं. एक इफेक्ट टाकला, थांबलं. प्रत्येक वेळी प्रोसेसर पाच-सात सेकंद दीडशे वॉटपर्यंत उसळतो, तापमान एकदम चढतं, पंखा भुर्रर्र करून वर जातो आणि परत खाली. दिवसभर हेच. आणि त्याच खोलीत दुसऱ्या टोकाला बायको ऑनलाइन गाण्याचा क्लास घेते. एकसारखा आवाज कॉलमधला नॉइज फिल्टर बऱ्यापैकी काढून टाकतो, हा चढणारा-उतरणारा आवाज मात्र पोरींना तिकडे ऐकू जायचा. एक दिवस ती म्हणाली, "अरे तुझा तो पंखा एका पट्टीत ठेव रे बाबा, काळी चार म्हण नाहीतर काळी पाच म्हण, पण एकच!"

बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) पंख्याला उशिरा चढायला लावून बघितलं. मग तो उशिराने आणि जास्त जोरात चढायचा. म्हटलं चला, ६५ ची लिमिट लावू. लावली. तरी तेच! कारण सोपं होतं पण माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले, या छोट्या उसळ्या टाऊच्या आतच संपतात, त्यांना पीएल१ शी देणंघेणंच नाही, तिथे १८० चा पीएल२ चालतो. सगळे लोक पीएल१ वर भांडतात आणि कानाला त्रास देतो पीएल२.

मग दोन्ही आकडे ९० करून टाकले. क्लॉक पावणेचारच्या आजूबाजूला स्थिर, पंखा एका सुरात, मे महिन्यातसुद्धा. मोकळ्याच्या मानाने एक्सपोर्टला थोडा वेळ जास्त जातो, पण वॉट जितके कमी केले त्या मानाने वेग फार कमी झाला नाही, कारण शेवटच्या काहीशे मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज चढवावं लागतं आणि वॉट तिथेच जास्त जातात. लाइट गेल्यावर यूपीएसही आता कमी ओरडतो, हा फुकटचा फायदा.

तुमचं काम रात्रभर रेंडर लावून झोपायचं असेल, कुलर मोठा असेल आणि पीसी वेगळ्या खोलीत असेल तर मोकळा ठेवा, मी कोण सांगणार. गेमिंगमध्ये मला तरी तिन्हीत फरक जाणवला नाही, पण माझा मॉनिटर साधा ६० हर्ट्झचा आहे हे लक्षात घ्या. बाकी घरात माणसं असतील तर... बघा एकदा ९० लावून, आवडलं नाही तर दोन मिनिटांत परत काढता येतं.

एक मात्र लक्षात ठेवा, बायोस अपडेट केला की हे आकडे उडू शकतात. १३व्या-१४व्या पिढीवाल्यांना तर २०२४ च्या ऑगस्टपासून आलेल्या मायक्रोकोडसाठी (प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्तीसाठी) अपडेट करायलाच हवा, तेव्हा नंतर एकदा तपासून घ्या. माझा बोर्ड अपडेटनंतर गुपचूप ४०९५ वर गेला होता. मला कळलं नव्हतं, क्लासमधल्या एका मुलीने विचारलं, "ताई, तुमच्याकडे मिक्सर चालू आहे का?"