टाक्यांना एक रस्ता, सिमेंटला दुसरा : ऑस्मअँडचा ट्रक मोड सात महिने वापरून

आमचं चिपळूणला हार्डवेअरचं दुकान, सिमेंट, पत्रे, पाइप आणि पाण्याच्या प्लास्टिकच्या टाक्या. एक 14 फुटी आयशर आणि एक पिकअप. माल जातो शृंगारतळी, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, अधूनमधून खेड आणि दापोलीकडे. मागच्या मे महिन्यात एका होमस्टेवाल्याच्या दोन टाक्या पोचवायला पिकअप गेली, मी सोबत होतो, आणि मीच शहाणपणा करून फोनातल्या नकाशावर पत्ता टाकला. नकाशाने मस्त शॉर्टकट दाखवला, डांबरी संपली, मग लाल माती, दोन्ही बाजूला गडगे, आणि पुढे रस्ताच पाखाडी झाला, चिऱ्याच्या पायऱ्या खाली वाडीत उतरतायत. तिथून काळोखात रिव्हर्स. एका माणसाने मागून बॅटरी दाखवायची आणि ड्रायव्हर काका एक शब्द बोलायला तयार नाहीत. घरी आल्यावर फक्त एवढंच म्हणाले, छोटे शेठ, तुमच्या मोबाइलला पाखाडी चढता येत असेल, गाडीला नाय येत.

तेव्हापासून ट्रकसाठी वेगळं काही आहे का ते शोधत होतो. नेहमीचे नकाशे कार आणि टू व्हीलर धरून रस्ता काढतात, गाडीची उंची किती, वजन किती, हे विचारतच नाहीत. ऑस्मअँड (OsmAnd) नावाचं मोबाइल अ‍ॅप विचारतं. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे 2004 साली सुरू झालेला तो जगभरातल्या लोकांनी मिळून काढलेला नकाशा, आणि महाराष्ट्र एकदा डाउनलोड करून ठेवला की नेट लागत नाही. हे शेवटचं मला वाटतं सगळ्यात मोठं काम आहे आपल्याकडे. जीपीएसला मोबाइलची रेंज लागतच नाही, तो सिग्नल थेट सॅटेलाइटचा, रेंज लागते ती नकाशाची चित्रं खाली उतरवायला. कुंभार्ली घाटात नाहीतर हेदवीच्या पुढे रेंज गेली की बाकीचे नकाशे पांढरे पडतात आणि हा चालूच राहतो.

आता ट्रक प्रोफाइल, म्हणजे अ‍ॅपमध्ये आपल्या गाडीची मापं भरून ठेवायची जागा. त्यात उंची, रुंदी, लांबी, वजन भरायचं. इथे मी पहिल्यांदा चूक केली, वजनाच्या जागी नुसतं मालाचं वजन टाकलं. 50 किलोच्या 80 गोण्या म्हणजे 4 टन, पण पुलावर गाडीसकट सगळं वजन येतं, म्हणून आरसी बुकातलं रिकाम्या गाडीचं वजन अधिक माल असं भरायचं, आमचं 7 टनाच्या आसपास जातं. उंची टेपने मोजा, अंदाजाने नको. आमच्या आयशरमध्ये टाक्या दोन थर लावल्या की जमिनीपासून 12 फूट होतं, म्हणजे 3.66 मीटर, अ‍ॅपमध्ये मी 3.8 टाकलंय कारण दोरी बांधली तरी वरची टाकी डुलते. आणि खरी गंमत इथे आहे की प्रोफाइलची कॉपी करून दुसरी बनवता येते. म्हणून आमच्याकडे आता दोन आहेत, एक ‘टाक्या’ आणि एक ‘सिमेंट’. टाक्यांची गाडी हलकी पण उंच, तिला रेल्वेखालची मोरी आणि लोंबत्या वायरी नडतात, सिमेंटची गाडी बुटकी पण जड, तिला जुने पूल आणि साकव नडतात. गाडी एकच, ड्रायव्हर एकच, पण माल बदलला की रस्ता बदलतो. काकांना हे 25 वर्षं माहीत होतं, मला अ‍ॅपमुळे कळलं.

पण ऐका, डाउनलोड केलं आणि लगेच जादू झाली असं काही होत नाही. एखाद्या पुलाला नकाशात वजनमर्यादा लिहिलेली असेल तर अ‍ॅप तो टाळतं, लिहिलेली नसेल तर पूल चालतो असंच धरतं. आणि आपल्या बाजूच्या आतल्या रस्त्यांना बहुतेक काही लिहिलेलंच नसतं. पाटी पुलावर आहे, कधी झाडीत लपलेली, कधी त्यावर वाढदिवसाचा बॅनर, नकाशात मात्र नाही. मग मी आणि काका दोन रविवार फिरलो, पाट्या वाचल्या, मोरीची उंची टेपने मोजली आणि रात्री बसून ब्राउझरमध्ये ओपनस्ट्रीटमॅपवर भरलं, उंची मीटरमध्ये, वजन टनात. दुसऱ्या कुठल्या नकाशावरून बघून भरायचं नाही, ते चालत नाही त्यांना, स्वतः बघितलेलंच. नवीन नकाशा साधारण महिन्याने येतो, तोवर त्या रस्त्यावर बोट दाबून धरून ‘हा रस्ता टाळा’ करून ठेवायचं. महाडचा सावित्रीचा जुना पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री गेला तेव्हापासून काका पाटीवर सुद्धा विश्वास ठेवत नाहीत, पावसाळ्यात पुलाआधी थांबतात, उतरून पाणी बघतात, मग जातात. त्याला अ‍ॅपमध्ये बटण नाही.

बरेच थांबे असले तर क्रम लावून देणारी सोय आहे, पण ती सरळ रेषेतलं अंतर धरते. कोकणात सरळ रेषा कावळ्याला. दाभोळ आणि धोपावे समोरासमोर दिसतात, मध्ये वाशिष्ठीची खाडी, फेरीबोट धरली तर काही मिनिटं आणि रस्त्याने चिपळूणला वळसा. तवसाळ आणि जयगडचं पण तेच. पिकअप आम्ही फेरीबोटीत घालतो, भरलेली आयशर नाही, म्हणून आयशरच्या दोन्ही प्रोफाइलमध्ये फेरी टाळा चालू ठेवलंय आणि क्रम मीच हाताने लावतो.

पिन टाकताना एक करा, गिऱ्हाइकाच्या घरावर किंवा दुकानावर टाकू नका, जिथे गाडी उभी राहून माल उतरतो तिथे टाका. आपल्याकडे पत्ता म्हणजे खालची वाडी, फणसाच्या समोर. पार्टी वाडीत राहते पण गाडी वर शाळेपाशीच थांबते, पुढे हमाल. हे केल्यापासून काकांचे ‘आता कुठे’ असे फोन जवळजवळ बंद.

ट्रॅफिकचं म्हणाल तर हे अ‍ॅप त्यात कामाचं नाही. गणपतीत मुंबई गोवा हायवेवर 16 टन आणि वरच्या गाड्यांना बंदी लागते, ते परिपत्रक बघूनच कळतं, आमची गाडी त्यात बसत नाही पण कंपनीचा माल घेऊन येणारा दहाचाकी अडकतो, म्हणून सिमेंट आधीच भरून ठेवायचं. 2024 मध्ये कोल्हापूरकडे जाणारा करूळ घाट काँक्रीटच्या कामासाठी बंद होता तेव्हा पण फोनाफोनीच उपयोगी पडली.

गाडीत बसवलेला जीपीएस ट्रॅकर वेगळी गोष्ट, तो रस्ता दाखवत नाही, गाडी कुठे आहे ते मला दुकानात दाखवतो. कंपनीचं नाव नाही घेत. रेंज नसली की पॉइंट साठवतो आणि रेंज आल्यावर एकदम पाठवतो, त्यामुळे अर्धा तास गाडी हललीच नाही असं दिसतं आणि मग उडी मारते. एकदा तर आयशर खाडीच्या मधोमध उभी. बाबांनी स्क्रीन बघितली आणि देवाला नारळ बोलले.

माझ्याकडून ऑस्मअँडला 5 पैकी साडेतीन. स्क्रीनवर बटणं फार, मोठा रस्ता काढायला वेळ घेतं, पण पाखाडी परत दिसली नाही. आता हर्णै आणि आंजर्ल्याकडच्या ऑर्डरी सुरू करायच्यात, त्या बाजूचे पूल, मोऱ्या, वजनाच्या पाट्या कुणी स्वतः बघितल्या असतील तर सांगा, जाऊन बघून नकाशात घालतो.