पाद्रोन १९६४ ॲनिव्हर्सरी, एक्स्क्लुसिव्हो माडुरो: पट्टीचे नव्हे, पानाचे पैसे

वर्धापनदिनाच्या नावाने निघणाऱ्या बहुतेक सिगारांत भोवतीची कागदी पट्टी नवी, पेटी नवी आणि किंमत चढी असते. आतलं पान मात्र नेहमीचंच. पाद्रोन कंपनीची '१९६४ ॲनिव्हर्सरी' मालिका याला ठळक अपवाद आहे.

क्युबा सोडून आलेल्या होसे ओर्लांदो पाद्रोन यांनी १९६४ मध्ये मायामीत सिगार वळणारा एकच कारागीर हाताशी घेऊन धंदा सुरू केला. १९९४ मध्ये त्याला तीस वर्षं झाली, तेव्हा ही मालिका आली. रॅपर (बाहेरचं पान), बाइंडर (त्याखालचं बांधणारं पान), फिलर (आतलं भरण) सगळं निकाराग्वाचं, आणि किमान चार वर्षं मुरवलेलं. इथेच फरक पडतो. कच्च्या पानातला अमोनियाचा वास आणि घशाला लागणारा तिखटपणा मुरवण्यात जातो. नवख्याने सिगार नाकाशी धरला तरी हे कळतं: उग्र दर्प नाही, कोको आणि जुन्या लाकडाचा वास आहे. माडुरो म्हणजे गडद रॅपरचा सिगार, त्याचा काळपट रंग पान जास्त काळ, जास्त उष्णतेत आंबवल्याने येतो.

एक्स्क्लुसिव्हो हा या मालिकेतला एक आकार, साडेपाच इंच लांब आणि ५० रिंगचा (रिंग हे सिगारच्या जाडीचं माप), म्हणजे जाडी जवळजवळ २० मिलिमीटर. तो गोल नसून दाबून चौकोनी केलेला असतो. चौकोनी आकार बोटांत छान बसतो, पण पान कोरडं असेल तर पहिला तडा कोपऱ्यांनाच जातो. म्हणून घेताना कोपरे उजेडात पाहा. मग अंगठा आणि तर्जनीने टोकापासून टोकापर्यंत हलकेच दाबत जा. मध्येच पोकळ लागलं तर तिथे सिगार भराभर आणि गरम जळेल. कठीण गाठ लागली तर ओढ अडकेल. या मालिकेत असे नग क्वचित निघतात आणि किमतीमागचं मोठं कारण तेच आहे. नकली मालही भरपूर फिरतो. खऱ्या सिगारवर दुसरी पट्टी असते आणि तिच्यावर त्या नगाचा स्वतंत्र क्रमांक असतो. दोन सिगारांवर एकच क्रमांक दिसला तर सरळ परत करा.

प्रवासातून आलेला सिगार लगेच पेटवू नका. ६५ टक्के आर्द्रतेत तीन-चार आठवडे राहू द्या. ७० टक्के आर्द्रतेत असा चौकोनी सिगार फुगतो, एका बाजूने जळतो आणि दर पाच मिनिटांनी विझतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तर ह्युमिडॉरपेक्षा (सिगार ठेवायच्या लाकडी पेटीपेक्षा) घट्ट झाकणाचा हवाबंद डबा आणि ६५ टक्क्यांचं आर्द्रता-पाकीट जास्त भरवशाचं. तापमान पंचविशीच्या वर गेलं की तंबाखूतल्या किड्याची अंडी उबतात आणि रॅपरवर टाचणीएवढी गोल भोकं दिसू लागतात. एक भोक दिसलं तरी सगळा डबा संशयास्पद धरा. सिगार झिपच्या पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये आणि पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमधून थेट बाहेर काढलात तर रॅपर फाटलाच म्हणून समजा.

तोंडात धरायच्या टोकावरची पानाची टोपी दोन मिलिमीटरच कापा. टोपीच्या रेषेखाली पातं गेलं की रॅपर उलगडत जातो. ब्यूटेनचा लायटर वापरा, पेट्रोलचा वास पहिल्या झुरक्यात उतरतो. ज्योत पानाला टेकवू नका. थोडी दूर धरून चारही कोपरे राखाडी होईपर्यंत सिगार फिरवत राहा. चौकोनी सिगारात कोपरा मागे राहणं हीच नेहमीची कटकट. मागे राहिलेली बाजू खाली धरून दोन मिनिटं थांबा, बहुधा रेषा आपोआप सरळ होते. नाहीच झाली तर लायटरचा नुसता स्पर्श द्या.

पहिल्या अर्ध्या इंचात मिरी जाणवते, नाकातून धूर सोडला तर जास्तच. मग मिरी मागे सरते आणि कोको, भाजलेले दाणे, कोरी कॉफी असा भरीव स्वाद शेवटच्या तिसऱ्या भागापर्यंत टिकतो. चवीचे फार चढउतार हवे असतील तर हा सिगार तुमचा नव्हे. इथली गंमत एकाच गडद स्वादाच्या खोलीत आहे. मिनिटाला एक झुरका ठेवलात तर तास-सव्वा तास जातो. त्याहून घाई केली की शेवट कडू होतो. निकोटिन चांगलंच आहे, उपाशीपोटी हमखास घेरी येते. जेवून बसा आणि जवळ गुळाचा खडा ठेवा. धूर छातीत घ्यायचा नाही, तरी तोंडाच्या कॅन्सरचा धोका त्याने टळत नाही, हे ओढणाऱ्याने स्वच्छ माहीत ठेवावं.

याच मालिकेतल्या टॉर्पेडो (निमुळत्या टोकाच्या) नॅचरलला, म्हणजे फिकट रॅपरच्या सिगारला, 'सिगार अफिसिओनादो' मासिकाने २०२१ चा सर्वोत्तम सिगार ठरवलं. नॅचरल जास्त तरतरीत आणि मिरीदार, माडुरो जास्त गोडसर. पहिल्यांदा घेणाऱ्याने माडुरोच घ्यावा. याच मालिकेतल्या सात इंची डिप्लोमातिकोपेक्षा एक्स्क्लुसिव्हो उजवा वाटतो, कारण लांब नगात मधला भाग रेंगाळतो. किमान दहा वर्षं मुरवलेल्या पानांचा पाद्रोनचाच 'फॅमिली रिझर्व्ह' याहून मऊ आहे यात वाद नाही, पण किंमत ज्या प्रमाणात वाढते त्या प्रमाणात आनंद वाढत नाही. परदेशातून आणणार असाल तर भारतात येताना माणशी २५ सिगारच करमुक्त आहेत, आणि एक्स्क्लुसिव्होची मोठी पेटी नेमकी २५ नगांची असते.